गांजाच्या भांडणात वय कुठे गेलं?

मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या कुणाच्या तरी बॅगेत ‘हायड्रो’ (मातीविना वाढवलेला कडक) गांजा सापडतो, किंवा एखाद्या वसतिगृहाच्या गच्चीवर चार पोरं जॉइंट ओढताना पकडली जातात, आणि दुसऱ्या दिवशी तोच वाद नव्यानं पेटतो. एक बाजू म्हणते, पिढी नासली, सगळ्यांना आत टाका. दुसरी म्हणते, अहो ही तर साधी वनस्पती, शंकराचा प्रसाद, कॅनडात दुकानात मिळते, दारूपेक्षा कितीतरी बरी. दोनतीन दिवस हा धुरळा उडतो आणि मग लोक दुसऱ्या विषयाकडे वळतात. या भांडणातली गंमत अशी की दोन्ही बाजू मनात चाळिशीतला माणूस धरून बोलत असतात. ज्याच्यावरून वाद सुरू झाला तो मात्र सतरा-अठरा वर्षांचा असतो. त्याचा मेंदू वेगळा, त्याचा धोका वेगळा, गुन्हा नोंदला गेला तर होणारं नुकसानही वेगळं. त्याच्याशी कुणी बोलत नाही; त्याच्या नावानं फक्त भांडतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गांजा अपायकारक आहे का, या प्रश्नाचं उत्तर कोणत्या वयात, किती वेळा आणि किती कडक, हे विचारल्याशिवाय देता येत नाही. कोवळ्या वयात सुरू झालेलं नियमित सेवन खरोखर नुकसान करतं. म्हणून मुलांच्या बाबतीत सगळ्या धोरणाचा रोख एकाच गोष्टीवर हवा: सुरुवात जितकी लांबवता येईल तितकी लांबवणं. त्यासाठी अतिरंजित भीती निरुपयोगी आहे आणि पोलीस कोठडी तर उलट घातक आहे.

मोकळीक मागणाऱ्यांकडे चांगला दारूगोळा आहे, हे मान्य करायला हवं. 1893 साली ब्रिटिश सरकारनं गांजा-चरस-भांगेच्या चौकशीसाठी इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं. या आयोगानं 1,193 जणांच्या साक्षी घेतल्या, सात खंडांचा अहवाल दिला, आणि 1894 मध्ये निष्कर्ष काढला की बेतानं केलेल्या सेवनानं लक्षात येण्याजोगा अपाय होत नाही. सरसकट बंदी नको, परवाने द्या, कर लावा. अहवालातला सर्वांत वाचनीय भाग वेड्यांच्या इस्पितळांचा आहे. गांजामुळे माणसं वेडी होतात असा तेव्हाही समज होता आणि त्याला पुरावा म्हणून इस्पितळांच्या नोंदवह्या दाखवल्या जात. आयोगानं एकेक नोंद तपासली, तेव्हा कळलं की ‘वेडाचं कारण’ हा रकाना बऱ्याचदा वैद्यकीय चौकशीवर नव्हे, तर रुग्णाला आणून सोडणाऱ्या पोलिसानं किंवा कारकुनानं दिलेल्या माहितीवर भरला जाई. कारण ठाऊक नाही, माणूस गांजा ओढत होता, लिहा गांजा. सव्वाशे वर्षांनंतर आपल्या बातम्यांत आरोपीच्या नावामागे ‘नशेच्या भरात’ हे शब्द ज्या सहजतेनं लागतात, ते पाहिलं की तो कारकून अजून निवृत्त झालेला नाही असं वाटतं.

पुढचा इतिहासही मोकळीक मागणाऱ्यांच्याच बाजूनं बोलतो. भारतात बंदी आली ती 1961 च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या रेट्यानं. पारंपरिक वापर थांबवायला 25 वर्षांची मुदत मिळाली होती. ती संपत आली तसा 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा झाला आणि 14 नोव्हेंबर 1985 पासून लागू झाला. त्याआधी आपल्याकडे गांजाची परवानाधारक दुकानं होती. नव्या कायद्यानं फुलांच्या तुऱ्यांना आणि राळेला, म्हणजे चरसाला, गुन्ह्याच्या यादीत टाकलं, नुसत्या पानांना वगळलं. म्हणून होळीला भांग घोटणारा या कायद्यापुरता निर्धास्त आणि त्याच झाडाचा तुरा ओढणारा आरोपी. डिसेंबर 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून 27 विरुद्ध 25 मतांनी बाहेर काढलं, तेव्हा भारतानं बाजूनं मत दिलं. त्याच वर्षी मुंबईत एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर कुणाच्या मोबाइलमध्ये ‘वीड’ हा शब्द सापडतो, यावर वाहिन्या महिनोन् महिने चालल्या होत्या.

हे सगळं खरं. पण यातून अकरावीतल्या मुलाबद्दल काय सिद्ध होतं? आयोगासमोर होता तो गिरणीतला, शेतातला, आखाड्यातला प्रौढ माणूस. शिवाय बेसुमार सेवन शरीराला आणि मनाला अपाय करतं हेही त्याच अहवालात लिहिलेलं आहे. ते वाक्य मात्र कुणी उद्धृत करत नाही. आणि 1894 मध्ये गांजातलं नशा आणणारं द्रव्य कोणतं हेच ठाऊक नव्हतं. टीएचसी हे रसायन शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं गेलं 1964 मध्ये, इस्रायलमध्ये. ते मेंदूत कुठे जाऊन बसतं हे कळायला त्यानंतरही दोन दशकांहून अधिक काळ गेला.

आणि मुलांच्या बाबतीत तेच महत्त्वाचं आहे. टीएचसीशी मिळतीजुळती द्रव्यं मेंदू स्वतःच बनवतो. आठवण, लक्ष, भूक, झोप, भीती यांचा मेळ राखायला ती लागतात. मेंदू घडत असताना कोणते धागे ठेवायचे आणि कोणते छाटायचे, या कामातही त्यांचा हात असतो. ही घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते आणि निर्णय घेणारा, मोहाला थांब म्हणणारा कपाळामागचा भाग सर्वांत शेवटी तयार होतो. या काळात बाहेरून रोज टीएचसी ओतणं म्हणजे गवंडी भिंत बांधत असताना त्याच्या ओळंब्याची दोरी कुणीतरी हलवत राहणं. भिंत पडेलच असं नाही, सरळ येईल याची खात्री मात्र राहत नाही.

अभ्यास काय सांगतात? स्वीडनमध्ये 1969-70 साली सैन्यभरतीला आलेल्या 45 हजारांहून अधिक तरुणांचा 15 वर्षं माग ठेवला गेला. अठराव्या वर्षापर्यंत पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांमध्ये पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सहापट आढळलं. 2019 मध्ये युरोप आणि ब्राझीलमधल्या 11 ठिकाणांचा अभ्यास आला: रोज कडक गांजा ओढणाऱ्यांत मनोविकाराची, म्हणजे भास-भ्रमाच्या आजाराची शक्यता न ओढणाऱ्यांच्या जवळपास पाचपट. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या प्रसिद्ध अभ्यासात 1972-73 साली जन्मलेल्या हजारभर मुलांना आयुष्यभर तपासत आले आहेत. त्यात किशोरवयात सुरू करून वर्षानुवर्षं ओढत राहिलेल्यांचा बुद्ध्यंक अडतिसाव्या वर्षापर्यंत सुमारे 8 गुणांनी घसरलेला दिसला.

इथे कुणी जाणकार हात वर करेल, आणि त्यानं तो करायलाच हवा. जुळ्या भावंडांवरच्या नंतरच्या अभ्यासांत ओढणाऱ्या आणि न ओढणाऱ्या भावंडाच्या बुद्ध्यंकात असा फरक आढळला नाही, त्यामुळे ड्युनेडिनचा निष्कर्ष वादात आहे. मनोविकाराच्या बाबतीतही प्रश्न उरतो की गांजामुळे आजार आला, की आजाराच्या वाटेवर असलेला मुलगा गांजाकडे वळला? शिवाय स्किझोफ्रेनिया मुळातच शंभरात जेमतेम एखाद्याला होतो. सहापट म्हटलं तरी गांजा ओढलेली बहुसंख्य मुलं त्यापासून दूरच राहतात. पण ज्याच्या घरात आधीच कुणाला हा आजार आहे, त्याच्यासाठी हे आकडे गमतीचे नाहीत. आपल्याकडे घरातला मानसिक आजार मुलांपासून लपवला जातो. ‘मामा थोडा विक्षिप्त होता’ एवढंच त्यांना कळतं. आपण धोक्याच्या गटात आहोत हे त्या मुलाला ठाऊक नसेल, तर इतर माहिती त्याच्या काय कामाची?

आणि मनोविकार राहू द्या. खूप जास्त मुलांना भोवतं ते साधं, न दिसणारं नुकसान. नव्यानं शिकलेलं डोक्यात न टिकणं, वाचताना पानाच्या शेवटी पानाची सुरुवात विसरणं, उद्यावर ढकलण्याची सवय. चाळिशीतल्या माणसाची एक आळसावलेली संध्याकाळ जाते. बारावीच्या किंवा एमपीएससीच्या वर्षातला मुलगा वर्ष गमावतो. सवयीचं गणितही वयावर फिरतं. गांजा वापरून पाहणाऱ्यांपैकी साधारण 9 टक्के लोकांना त्याचं व्यसन जडतं असा रूढ अंदाज आहे. किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सहात एक होतं. ‘गांजाचं व्यसन लागतच नाही’ हे वाक्य म्हणूनच सरळ खोटं आहे. सोडल्यावर झोप उडते, चिडचिड होते, जेवण जात नाही, घाम फुटतो. आठ-पंधरा दिवसांत हे उतरतं, पण तेवढे दिवस काढणं ज्याला जमत नाही तो पुन्हा पुडी शोधतो.

शिवाय आजोबांच्या चिलमीतला गांजा आणि नातवाच्या हातातला हायड्रो एक नव्हेत. अमेरिकेत जप्त झालेल्या मालात 1995 साली टीएचसी सरासरी 4 टक्के होतं, 2014 पर्यंत ते 12 टक्क्यांच्या आसपास गेलं. बंद खोलीत दिव्यांखाली वाढवलेले बिनबियांचे तुरे याहून कडक असतात आणि व्हेपच्या नळीतला अर्क तर कितीतरी पटींनी. खाण्याच्या पदार्थांचं तंत्र आणखी निराळं: परिणाम दिसायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो, तोवर मुलगा ‘काहीच झालं नाही’ म्हणून दुसरा तुकडा खातो. भांगेचे पेले रिचवून संध्याकाळभर भिंत धरून बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

राहिला शंकराचा प्रसाद. नाशिकला सिंहस्थात साधूंच्या चिलमी पेटतात, पोलीस बाजूनं जातात, आणि तरुण विचारतात, त्यांना चालतं मग आम्हाला का नाही? प्रश्न दांभिकपणाचा असेल तर रास्त आहे. पण साधूनं घर, नोकरी, परीक्षा, संसार सगळं आधीच सोडलेलं असतं. चिलमीनं त्याचं आणखी काय जाणार? आणि शंकराचंच म्हणाल तर त्यानं हलाहलही प्यायलं होतं. त्याचा प्रसाद मागायला रांग लागलेली दिसत नाही.

‘दारूपेक्षा बरा’ हा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. एका बैठकीत जास्त झाला म्हणून माणूस गांजानं मरत नाही, दारूनं मरतो. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सनं केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात दारू पिणारे 16 कोटी होते. गांजा, चरस, भांग मिळून 3.1 कोटी, त्यातही मोठा वाटा भांगेचा. दहा ते सतरा वयोगटातली सुमारे 20 लाख मुलं यातलं काहीतरी घेत होती. त्याच वयोगटात व्हाइटनर, सोल्युशन हुंगणाऱ्यांचं प्रमाण गांजापेक्षा जास्त होतं, हे कुणाला आठवतं? स्टेशनच्या फलाटावर पिशवी तोंडाला लावणारी पोरं ‘आपली’ नसतात, म्हणून त्यांच्यावर चर्चासत्र होत नाही. तरीही एक विष दुसऱ्यापेक्षा सौम्य आहे यातून पंधरा वर्षांच्या मुलाला ते द्यावं असं निघत नाही. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट 25 वर्षांची आहे. ही अट घालताना मेंदूविज्ञान कुणी पाहिलं नसावं, आकडा मात्र मेंदूच्या घडणीशी नेमका जुळून आला आहे. पाळतं कोण, हा पुढचा प्रश्न.

आता दुसरी बाजू. धाकाच्या समर्थकांचा सर्वांत भक्कम मुद्दा असा: सहातल्या एकाला सवय लागते असं सांगितलं की मुलगा ऐकतो ते ‘पाच जणांना लागत नाही’ एवढंच. त्या वयात प्रत्येकाला आपण त्या पाचांतले वाटतो. मग सरळ ‘एक झुरका आणि आयुष्य उद्ध्वस्त’ म्हणायला काय हरकत आहे? थोडं खोटं असेल, पण मूल तर वाचेल.

वाचत नाही. अमेरिकेत 1983 पासून गणवेशातले पोलीस शाळांत जाऊन हेच करत होते. डेअर नावाचा तो कार्यक्रम देशभर पसरला, पैसा ओतला गेला, आणि अभ्यासांमागून अभ्यासांत दिसलं की तो घेतलेली आणि न घेतलेली मुलं पुढे जवळपास सारखंच वागतात. कारण उघड आहे. ज्या मुलाला सांगितलंय की गांजानं माणूस बरबाद होतो, त्याच्याच वर्गातला पहिल्या बाकावरचा मुलगा शनिवारी ओढतो आणि सोमवारी चाचणीत पहिला येतो. त्या दिवशी फक्त गांजाबद्दलचं भाषण खोटं ठरत नाही, ते भाषण देणारा माणूसच खोटा ठरतो. 26 जूनच्या, अमली पदार्थविरोधी दिनाच्या प्रभातफेरीतला फलक पाहा: एकच कवटी, आणि तिच्याखाली एका ओळीत सिगारेट, गांजा, गर्द, एमडी. ऐंशीच्या दशकात गर्दनं, म्हणजे ब्राउन शुगरनं, मुंबई-पुण्यातली घरंच्या घरं कशी पोखरली हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना ही ओळ किती घातक आहे ते कळेल. पुण्यात 1986 मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं ते त्या गर्दच्या तडाख्यातूनच. आज ती जागा एमडीनं, म्हणजे मेफेड्रोन या रासायनिक नशेनं घेतली आहे. 2015 पर्यंत हे मेफेड्रोन अमली पदार्थांच्या यादीतसुद्धा नव्हतं. गांजा आणि एमडी सारखेच भयंकर असं शिकलेला मुलगा गांजा ओढून पाहतो, काही होत नाही, आणि मग त्याच न्यायानं एमडीलाही हात घालतो. थोड्याशा खोट्याची एवढी किंमत परवडण्यासारखी आहे का?

‘गांजा ही पहिली पायरी’ या मताबद्दलही सरळ बोलायला हवं. गांजा ओढणारे बहुतेक जण पुढच्या पायरीवर जात नाहीत. पण पायरी दाखवणारा माणूस असतो: पुडी देणाऱ्याच्याच दुसऱ्या खिशात एमडी असतं. आणि एक पायरी आपल्या डोळ्यांसमोर असून दिसत नाही. आपल्याकडे पोरं सिगारेट रिकामी करून तिच्या तंबाखूत गांजा मळतात. गांजा महिन्यातून दोनदा मिळतो, तंबाखू टपरीवर रोज. दोन वर्षांनी गांजा सुटलेला असतो, सिगारेट चालू असते.

कायद्याची भीती गेली तर सगळे ओढायला लागतील, या म्हणण्याला तंबाखूनंच उत्तर दिलंय. गुटखाबंदी महाराष्ट्रात 2012 पासून आहे आणि गुटखा कुठे मिळतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. उलट ज्या तंबाखूसाठी कुणाला तुरुंगात टाकलं नाही, तिथे सार्वजनिक ठिकाणी मनाई, पाकिटावरची चित्रं, वाढता कर आणि डॉक्टरांचं सततचं सांगणं यांनी काय केलं ते पाहा. राष्ट्रीय पाहणीनुसार 15 ते 24 वयोगटात तंबाखू वापरणारे 2009-10 मध्ये 18.4 टक्के होते, 2016-17 मध्ये 12.4 टक्के झाले. आणि सुरुवातीचं सरासरी वय सुमारे एका वर्षानं पुढे सरकलं. गांजाबाबत साधायचं आहे ते नेमकं हेच.

कायदा आज उलट टोकाला उभा आहे. गांजाची एक किलोपर्यंतची मात्रा ‘अल्प’ धरली जाते, तरी तिच्यासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. नुसत्या सेवनासाठी सहा महिने. महाराष्ट्रातल्या एनडीपीएस गुन्ह्यांत विक्रेत्यांपेक्षा स्वतःपुरता माल बाळगणाऱ्यांची भरती जास्त असते. आंध्र-ओडिशाच्या सीमेवरून पोती येत राहतात, शिरपूरच्या डोंगरांत शेतं पिकत राहतात, आणि पकडला जातो तो टेकडीवर बसलेला एकोणीस वर्षांचा. त्याचं चारित्र्य पडताळणीचं पान काळं होतं, पासपोर्ट अडकतो, सरकारी नोकरीचा रस्ता अवघड होतो. गांजानं त्याचं जे नुकसान वीस वर्षांत कदाचित केलं असतं, ते गुन्हा एका दुपारीत करतो. याच कायद्यात कलम 64-अ आहे: व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला, तर अल्प मात्रेसाठी किंवा सेवनासाठी खटल्यातून त्याला सूट मिळते. किती आईवडिलांना हे माहीत आहे? किती ठाण्यांत ते सांगितलं जातं?

म्हणून दुकानं उघडा, असं मी म्हणत नाही. थायलंडनं जून 2022 मध्ये नियम तयार होण्याआधीच गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, हजारो दुकानं उगवली, आणि 2025 मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री बंद करायची वेळ आली. कॅनडानं 2018 मध्ये बेतानं केलं तरी गांजाच्या गोळ्या-चॉकलेटं खाऊन लहान मुलं इस्पितळात येण्याचं प्रमाण वाढलं. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मराठी मुलांसाठी जाता जाता एक: राज्यात गांजा कायदेशीर असला तरी केंद्रीय कायद्यात तो नाही, आणि व्हिसा केंद्र सरकार देतं.

मग मुलांचं सुरुवातीचं वय पुढे ढकलायचं कसं? आइसलँडमध्ये 1998 साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी 17 टक्क्यांनी गांजा वापरलेला होता आणि 42 टक्के गेल्या महिनाभरात दारू पिऊन झिंगली होती. 2016 पर्यंत हे आकडे 7 आणि 5 टक्क्यांवर आले. त्यांनी दरवर्षी मुलांनाच विचारून माहिती गोळा केली, रात्री उशिरा बाहेर राहण्यावर पालकांच्या संमतीनं मर्यादा घातली, आणि खेळ-संगीतासाठी घरोघर पैसे दिले. आपलं एखादं उपनगर लोकसंख्येनं त्या देशापेक्षा मोठं आहे, ते श्रीमंत आहेत, हे आक्षेप बरोबर. पण ‘तुम्ही काय घेता’ हे निनावी विचारायला कुठे श्रीमंती लागते? महाराष्ट्रात किती महाविद्यालयांनी हे विचारलं? विचारलं तर आकडा बाहेर येईल आणि संस्थेची बदनामी होईल, ही भीती मुलांच्या मेंदूपेक्षा मोठी ठरते. त्यापेक्षा पकडलेल्या चौघांना वसतिगृहातून काढून टाकणं सोपं. उरलेली चाळीस त्यातून एवढंच शिकतात की त्रास झाला तरी वॉर्डनकडे किंवा समुपदेशकाकडे जायचं नाही. पहिल्यांदा स्वतःहून सांगायला आलेल्या मुलाचं नाव पोलिसांकडे किंवा घरी जाणार नाही आणि त्याची खोली जाणार नाही, एवढा एक नियम माहितीपत्रकात छापायला कोणत्याही संस्थेला सरकारी परवानगी लागत नाही. त्याखाली 14446 हा व्यसनमुक्तीचा मोफत राष्ट्रीय क्रमांक टाकायला आणखी एक ओळ लागेल.